दारावरची पाटी आणि कमरेचे पिस्तूल

टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या बाहेरच्या एका उपनगरात माझ्या एका कोल्हापुरी मित्राचे छोटे रेस्टॉरंट आहे. बारा टेबले, दुपारी थाळी आणि शनिवार-रविवारी मिसळ, एवढाच त्याचा पसारा. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या काचेच्या दारावर तीन पाट्या लावल्या. टेक्ससच्या दंडसंहितेतील 30.05, 30.06 आणि 30.07 या कलमांखालच्या या पाट्या अनुक्रमे असे सांगतात की कोणीही बंदूक घेऊन आत येऊ नये, परवानाधारकाने पिस्तूल झाकून आणू नये आणि त्याने ते उघडपणेही आणू नये. अक्षरे किमान एक इंच उंच असावीत, ती पार्श्वभूमीवर उठून दिसावीत, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असावा, हे सगळे कायद्यानेच ठरवून दिलेले असल्यामुळे तीन पाट्या लागल्यावर दारावर दुसऱ्या कशालाही जागा उरली नाही. उघडण्याच्या वेळांचा कागद बिजागरीच्या बाजूला उभा चिकटवावा लागला आणि उकडीच्या मोदकांची जाहिरात आत गल्ल्यापाशी गेली.

दर गुरुवारी दुपारी तिथे साठीच्या पुढचा एक गोरा गृहस्थ जेवायला येत असे. तो निवृत्त इलेक्ट्रिशियन होता आणि भाकरी हाताने मोडून भरल्या वांग्यांबरोबर खायला तो आमच्यादेखत शिकला होता. पाट्या लागल्यानंतरच्या गुरुवारी तो दारापाशी थांबला, तिन्ही पाट्या वाचल्या, आपल्या पिकअपमध्ये जाऊन काही मिनिटे बसून राहिला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात मित्राला दाराच्या फटीत व्हिजिटिंग कार्डाएवढे एक छापील कार्ड सापडले, ज्याचा मथितार्थ असा होता की तुम्हाला माझी बंदूक नको असेल तर माझे पैसेही नकोत. अशी कार्डे अमेरिकेत बंदूक बाळगणारे लोक खिशात ठेवतात आणि पाटी दिसली की ठेवून जातात. मित्राने मला विचारले, “पाट्या काढून टाकू का रे? माणूस चांगला होता.”

माझ्याकडे बंदूक नाही आणि ती घेण्याचा विचारही नाही, तरीही त्या गृहस्थाचे वागणे मला हास्यास्पद वाटले नाही. जिथे पिस्तूल आणायला मनाई आहे तिथे बंदूकधारकाने पैसा खर्च करावा का, या प्रश्नाला तिकडे सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे, ज्याला माझा हक्क मान्य नाही त्याच्या गल्ल्यात मी एक डॉलरही टाकणार नाही. आणि दुसरे म्हणजे, भाकरी खायला पिस्तूल लागतेच कशाला. मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. माझ्या मते पाटी पाळणे हे बंदूकधारकाचे कर्तव्य आहे, त्या दुकानात न जाणे हा त्याचा हक्क आहे आणि पुष्कळदा न जाणे हेच अधिक जबाबदारीचे वागणे ठरते. पण दुकानदाराला धडा शिकवायचा म्हणून न जाणे हे बंदूकधारकाच्या स्वतःच्याच तत्त्वाशी जुळत नाही.

महाराष्ट्रात शस्त्रपरवाना ही जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात खेटे घालून मिळवायची गोष्ट असते आणि निवडणुका आल्या की तेच शस्त्र बहुधा ठाण्यात जमा करायचे असते, त्यामुळे तिथल्या वाचकाला हा वाद मुळातच परका वाटेल. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या एकवीस वर्षांवरील माणसाला अंगावर पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही (हवा असेल त्याला तो अजूनही काढता येतो), आणि अशी मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या 29 झाली आहे. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पिस्तूल कुठे यावे आणि कुठे येऊ नये हे ठरवण्याच्या कामातून शासनाने जसजसे अंग काढून घेतले तसतसे ते काम दुकानदाराच्या, दवाखान्याच्या आणि चर्चच्या दारात येऊन पडले. शाळेच्या इमारतीत किंवा निम्म्याहून अधिक उत्पन्न जागेवरच्या मद्यविक्रीतून मिळवणाऱ्या बारमध्ये निर्णय कायद्याने घेतलेला असतो. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतो तेव्हा कार्यकारिणीला हा प्रश्न चर्चेला घ्यावाच लागत नाही. बारा टेबलांच्या मालकाला मात्र तो स्वतःच सोडवावा लागतो आणि त्याने काहीही ठरवले तरी निम्मे गिऱ्हाईक नाराज होण्याची शक्यता असते. पाटी लावली नाही तर त्याचाही अर्थ काढला जातोच.

या पाटीचे वजनही सगळीकडे सारखे नाही. टेक्ससमध्ये नियमाप्रमाणे लावलेली पाटी ओलांडणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी दोनशे डॉलरपर्यंत दंड होतो, आणि तोंडी सांगूनही माणूस बाहेर गेला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. इतर काही राज्यांत पाटी ही केवळ विनंती असते आणि मालकाने बाहेर जायला सांगितल्यावर नकार दिला तरच अतिक्रमणाचा गुन्हा होतो. म्हणून तिथले बंदूकधारक आपसांत बिनदिक्कत म्हणतात की झाकलेले ते झाकलेलेच, कोणाला कळणार आहे? आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तशीच ही झाकली कंबर. पाटी वाचून, शर्ट नीट खाली ओढून आत जाणे हा मला या प्रकरणातला सर्वांत कमी प्रतीचा मार्ग वाटतो, मग त्या राज्यात तो गुन्हा असो वा नसो. आपण कायदा पाळणारे नागरिक आहोत, म्हणून आपल्यावर विश्वास ठेवा, हा तर बंदूकधारकांचा मुख्य युक्तिवाद आहे. ज्याच्या घरात शिरायचे त्याची साधी सूचना गुपचूप मोडणाऱ्याने तो युक्तिवाद कोणत्या तोंडाने करायचा?

आता त्यांच्या बाजूची सर्वांत जड गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती टेक्ससमधलीच आहे. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन या गावातल्या लुबीज कॅफेटेरियामध्ये एका माणसाने काचेची भिंत फोडून आपला पिकअप ट्रक आत घातला आणि गोळ्या झाडून 23 जणांना ठार मारले. सुझॅना हप या आपल्या आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचे रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होते, कारण त्या काळी टेक्ससमध्ये ते अंगावर बाळगणे बेकायदा होते आणि पकडले गेलो तर कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्याचे उपचार करणारी, म्हणून असलेला व्यवसायाचा परवाना जाईल अशी त्यांना भीती होती. आई आणि वडील दोघेही त्या दिवशी मारले गेले. पुढे हप यांनी अनेक विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या, 1995 मध्ये टेक्ससने परवान्याचा कायदा केला आणि 1996 मध्ये त्या स्वतःच टेक्ससच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. बंदूक गाडीत राहिली आणि माणसे आत मेली, हे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याला झाकलेल्या पिस्तुलाला मनाई करणारी 30.06 ची पाटी वाचताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते, आणि पिकअपमध्ये काही मिनिटे बसून राहिलेल्या त्या गृहस्थाकडे मी त्याच नजरेने पाहतो.

पण या घटनेतला एक तपशील वादाच्या भरात निसटतो. लुबीजच्या दारावर पाटी नव्हती. हप यांचे रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवायला लावले ते राज्याच्या कायद्याने, कॅफेटेरियाच्या मालकाने नव्हे. राज्याचा कायदा सगळ्या जागांना एकदम लागू होतो आणि त्यातून सुटायला वाट नसते. मालकाच्या पाटीतून सुटायची वाट दाराबाहेरच असते, आणि पलीकडच्या चौकात दुसरे रेस्टॉरंट असते. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती हात बांधते ते शासनाचे. ती माझ्या मित्राला त्याच्या दारात कोणाला कशासह घ्यावे हे सांगत नाही, जशी भाषणस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती त्याला आपल्या टेबलावर कोणाचे भाषण ऐकून घ्यायला भाग पाडत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या न्यायालयीन लढाईने हा मुद्दा अधिकच टोकदार केला आहे. 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केल्यानंतर न्यूयॉर्क आणि हवाई या राज्यांनी नियमच उलटा केला आणि ठरवले की मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज खासगी जागेत पिस्तूल नेता येणार नाही. म्हणजे मनाईची पाटी लावायची गरजच नाही, परवानगीची लावायची. न्यूयॉर्कचा नियम लोकांना खुल्या असलेल्या दुकानांपुरता अपील न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये अडवून धरला, तर हवाईचा नियम दुसऱ्या अपील न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये चालू दिला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सुनावणीला घेतले. या लढाईत बंदूकधारकांच्या बाजूने मांडले जाणारे म्हणणे असे की मालकाने काही ठरवण्याआधीच राज्याने त्याच्या तोंडी नकार घालू नये, मालकाला नको असेल तर तो सांगेल. मला हे म्हणणे बरेचसे पटते. मात्र ते मांडणाऱ्याने, मालक जेव्हा एक इंच उंचीच्या अक्षरांत, दोन भाषांत, आपल्या पैशाने पाटी करून खरोखरच नको म्हणतो तेव्हा त्याला हक्कांचा शत्रू ठरवू नये. मालकानेच ठरवावे असे म्हणायचे आणि त्याने ठरवले की रुसायचे, हे चालणार नाही.

यावर एक उत्तर हटकून येते: तुम्ही मला निःशस्त्र केले, तेव्हा आता माझ्या रक्षणाची जबाबदारी तुमची. विस्कॉन्सिन राज्याने 2011 मध्ये जवळपास हीच भूमिका कायद्यात घातली आणि जो मालक पिस्तुलाला मनाई करत नाही त्याला त्या निर्णयातून उद्भवणाऱ्या दाव्यांपासून संरक्षण दिले. पाटी लावणाऱ्याला मात्र तसे कवच नाही. हा एक प्रकारचा दबावच आहे, फक्त सौम्य भाषेतला. आणि पाटी लावणारा मालक गोळीबाराची शक्यता मोजून ती लावतो ही समजूतच मुळात चुकीची आहे. 17 जुलै 2022 रोजी इंडियाना राज्यात ग्रीनवूड येथील मॉलच्या खाद्यदालनात गोळीबार सुरू झाला, तीन जण मारले गेले आणि पिस्तूल जवळ असलेल्या 22 वर्षांच्या एका तरुणाने काही सेकंदांत हल्लेखोराला टिपले. त्या मॉलच्या नियमात शस्त्रांना मनाई होती. त्याच्या आदल्याच वर्षी, 21 जून 2021 रोजी, कोलोरॅडोतल्या आरवाडा येथे एका पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोरावर एका नागरिकाने गोळ्या झाडून त्याला थांबवले, त्याची रायफल हातात घेतली आणि तेवढ्यात पोहोचलेल्या दुसऱ्या पोलिसाने त्या नागरिकालाच हल्लेखोर समजून ठार केले. दोन्ही बाजू आपापल्या सोयीची घटना उचलतात. माझ्या मित्राला मात्र दोन्हींपैकी एकही घटना पाटी लावताना आठवली नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे होते ते शुक्रवारी रात्री दोन बिअरनंतर बिलावरून आवाज चढवणारे टेबल, स्वच्छतागृहात खुंटीला अडकवून विसरले जाऊ शकणारे होल्स्टर (पिस्तुलाचे कमरेचे म्यान) आणि टेबलांमधून पळणारी त्याची स्वतःची सात वर्षांची मुलगी.

शिवाय या पाट्या आल्या कुठून, याचा इतिहास बंदूकधारकांनी एकदा शांतपणे पाहावा. स्टारबक्सचे धोरण सुरुवातीला एवढेच होते की जिथे जो कायदा असेल तो पाळायचा. त्यावर खूश होऊन काही उत्साही मंडळी पिस्तुले उघड लटकवून कॉफी प्यायला जमू लागली, विरुद्ध बाजूने बहिष्काराची हाक दिली आणि कॉफीचे दुकान आपोआप आखाडा झाले. शेवटी 17 सप्टेंबर 2013 रोजी कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून, मनाई न करता, बंदुका आणू नका अशी विनंती केली. पुढच्या वर्षी टेक्ससमध्ये काही जण चक्क रायफली खांद्याला लावून रेस्टॉरंटांत शिरू लागले, कारण तेव्हा तिथे पिस्तूल उघड बाळगणे बेकायदा आणि रायफल उघड बाळगणे कायदेशीर अशी अजब स्थिती होती. त्याच वर्षी चिपोटले ही रेस्टॉरंटांची आणि टार्गेट ही दुकानांची साखळी, यांनीही ‘कृपया नको’ म्हटले. 1 जानेवारी 2016 पासून टेक्ससमध्ये परवानाधारकाला पिस्तूलही उघड बाळगता येऊ लागले, तेव्हा एचईबी या किराणा साखळीने आणि व्हॉटाबर्गर या बर्गरच्या साखळीने उघड पिस्तुलाला नकार दिला, पण परवान्याने झाकून आणलेल्याला दिला नाही. 3 ऑगस्ट 2019 रोजी एल पासो येथे वॉलमार्टमध्येच 23 जणांचा बळी घेणारा गोळीबार झाला, आणि त्यानंतर महिन्याभराने त्या कंपनीने ग्राहकांना उघड बंदुका आणू नका असे सांगितले, तेव्हाही झाकून बाळगणाऱ्या परवानाधारकांना हात लावला नाही. हे सगळे पाहिले की लक्षात येते, बहुतेक दुकानदारांना झाकलेल्या पिस्तुलाशी भांडण उकरायचे नव्हते. त्यांना दारात आणून उभे केले ते दाखवायला बंदूक आणणाऱ्यांनी. इतकी वर्षे कोणाच्याही नजरेस न पडता जेवून जाणाऱ्या माझ्या मित्राच्या गिऱ्हाइकाने खरे तर त्यांच्यावर चिडायला हवे.

आता गाडीकडे वळतो, कारण या सगळ्या वादात मला सर्वांत काळजीची गोष्ट तीच वाटते. पाटी वाचणाऱ्यापुढे तात्त्विक प्रश्न नंतर येतो, आधी हातातल्या वस्तूचे काय करायचे हा येतो. मी एकदा पार्किंगमध्ये एका माणसाला हे करताना पाहिले आहे. चालकाच्या आसनावर बसून, पट्टा सैल करून, कोपर खिडकीला आपटत त्याने होल्स्टरसकट पिस्तूल काढले, इकडेतिकडे पाहिले, ते पुढच्या कप्प्यात ठेवले, कप्पा नीट लागेना म्हणून पुन्हा काढले आणि आसनाखाली सरकवले. आसपास उभा असलेला कोणीही हे पाहू शकत होता आणि मी पाहतच होतो. गाडीची काच फोडायला चोराला काही सेकंद पुरतात. अमेरिकेत बंदुकांच्या चोऱ्यांमध्ये गाडीतून होणाऱ्या चोऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि ज्या बंदुकीने मालकाने कधी कोणावर रोख धरला नसता ती त्यानंतर कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर फिरायला आलेल्या एका तरुणीचा जीव ज्या पिस्तुलाच्या गोळीने गेला ते चारच दिवस आधी एका सरकारी अधिकाऱ्याच्या गाडीतून चोरीला गेले होते. मनाईची पाटी पिस्तुलाला नाहीसे करत नाही, ते पन्नास पावलांवर, कमी सुरक्षित जागी नेऊन ठेवते. म्हणूनच मी म्हणतो की अंगावर पिस्तूल असताना पाटी दिसली आणि गाडीत बोल्टने बसवलेली कुलूपबंद पेटी नसेल, तर परत फिरणे हेच शहाणपणाचे. हे परत फिरणे निषेधाचे नाही, हातातल्या वस्तूची जबाबदारी ओळखण्याचे आहे. आणि जिथे जायचे तिथे पाटी आहे हे आधीच ठाऊक असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून यावे.

राहिला प्रश्न पैसा रोखून शिक्षा करण्याचा. मराठी माणसाच्या कानाला बहिष्कार हा शब्द दोन तऱ्हेने ऐकू येतो. एक 1905 च्या स्वदेशीच्या चळवळीतला, परदेशी मालावरचा. दुसरा गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकण्याचा, जो थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पहिल्यात समोरचा आपल्याहून बलाढ्य असतो आणि त्याच्याकडून नेमके काय हवे ते उघड सांगितलेले असते. दुसऱ्यात समोरचा दुबळा असतो आणि त्याला फक्त वाकवायचे असते. आता कॉस्टकोचे उदाहरण घ्या. या साखळीच्या धोरणात ग्राहकांना दुकानात बंदूक आणायला मनाई आहे, आणि तरीही टेक्ससमधल्या तिच्या पार्किंगमध्ये बंदूक-हक्कांचे स्टिकर लावलेल्या पिकअपांची कमतरता नाही. तिथे टिश्यूच्या रोलांचा मोठा गठ्ठा आणि भाजलेली कोंबडी स्वस्त मिळते, म्हणून तत्त्व गाडीतच राहते. कार्ड ठेवले जाते ते बारा टेबलांच्या दारात. वड्याचे तेल वांग्यावर ते हे, आणि इथे तर खरोखरच वांगीच होती.

मी मित्राला सांगितले की पाट्या काढू नकोस, पण तीनही हव्यात का ते पाहा. तुला भीती उघड लटकवणाऱ्यांची आणि परवाना नसलेल्यांची असेल, तर 30.05 आणि 30.07 पुरेशा आहेत. 30.05 ची पाटी पिस्तुलाच्या परवानाधारकाला अडवत नाही, म्हणून 30.06 काढलीस तर वर्गात बसून, लेखी आणि नेमबाजीची परीक्षा देऊन परवाना घेतलेला माणूस झाकून आणू शकेल, एचईबीमध्ये आणतो तसाच. त्याने डोसा उलटता उलटता विचारले, “आणि परवाना आहे की नाही हे मी दारात उभा राहून तपासू?” याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. त्या गृहस्थाला तू स्वतः फोन कर, एवढे मात्र मी म्हटले, कारण निनावी कार्डाने काहीच कळत नाही. तो का आला नाही, कशाने परत येईल, परवाना आहे का, गाडीत पेटी आहे का, यातले काहीही त्या कार्डावर छापलेले नव्हते.

फोन झाला. दोघे वीस मिनिटे बोलले, त्यातली दहा मिनिटे पावसाविषयी. गृहस्थाने सांगितले की परवाना 1996 पासूनचा आहे, पिस्तूल बाहेर पडताना अंगावर असतेच आणि ते गाडीत सोडायचे नाही असे त्याने पत्नीला वचन दिले आहे. मित्राने सांगितले की पाटी मुलीसाठी आहे आणि ती राहील. आता गुरुवारी सव्वाबारा वाजता पिकअप मागच्या दाराशी येऊन उभा राहतो, मित्राचा पोऱ्या भरली वांगी आणि दोन भाकऱ्यांचे पार्सल खिडकीतून देतो, आणि तो गृहस्थ इंजिन चालू ठेवून तिथेच बसून जेवतो.